विंचवाचे बिऱ्हाड आणि पायाखालची जमीन : न्यू हॅम्पशायरमधील ट्रेलर-वस्त्यांच्या सहकारी खरेदीचा इतिहास

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मराठीत बदलीच्या नोकरीतल्या माणसापासून फिरत्या नाटक कंपनीतल्या नटापर्यंत अनेकांना लावली जाते. जिथे जाईल तिथे संसार सोबत आणि म्हणून कोठेच मूळ धरलेले नाही, असा तिचा अर्थ. अमेरिकेतील 'मोबाईल होम' या शब्दाचे भाषांतर करू जाता ही म्हण चटकन आठवते, आणि नेमकी तेथेच दिशाभूल होते. चाकांवर बसवलेले, कारखान्यातून ओढून आणलेले हे घर नावाने फिरते असले, तरी एकदा जागेवर टेकल्यानंतर ते बहुधा पुन्हा हलत नाही. त्याची चाके काढली जातात, खाली विटांचे टेकू येतात, नळ आणि सांडपाण्याच्या जोडण्या होतात, दारापुढे लाकडी ओटा उभा राहतो. ते पुन्हा उचलून दुसरीकडे न्यावयाचे तर हजारो डॉलर खर्च होतो. जुने घर वाटेत मोडण्याचे भय असते. आणि जुनी घरे नवीन वस्तीत सहसा घेतलीही जात नाहीत. घर राहणाऱ्याचे, जमीन दुसऱ्याची, आणि त्या जमिनीचे मासिक भाडे, अशी ही व्यवस्था आहे. जमिनीचा मालक बदलला, भाडे वाढले अथवा वस्ती मोडून तेथे दुकानांचा संकुल बांधावयाचे ठरले, तर घरमालकाच्या हाती स्वतःच्या घराचा सांगाडा तेवढा उरतो. म्हणीतल्या विंचवापेक्षा ही स्थिती उलटी आहे. येथे बिऱ्हाड जागच्या जागी राहते आणि पायाखालची जमीन मात्र हिंडत असते.

या विषम संबंधावर एक उत्तर १९८४ साली न्यू हॅम्पशायर या लहानशा राज्यात शोधले गेले : राहणाऱ्यांनी सहकारी संस्था स्थापून सगळी वस्ती जमिनीसकट विकत घेणे. त्या उत्तराची घडण, त्यामागची सहकाराची परंपरा आणि वस्तीविषयीच्या साहित्याशी असलेले त्याचे नाते हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला त्यात रस वाटण्याचे कारण असे की या इतिहासात वस्तूइतकीच नावेही बदलत गेली आहेत, आणि प्रत्येक नावामागे राहणाऱ्याकडे पाहण्याची एक दृष्टी आहे.

नावांचा इतिहास

ट्रेलरचा उगम करमणुकीत आहे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारगाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आणि तंबू-भांडी गाडीत घालून हिंडणाऱ्या प्रवाशांची एक जातच निर्माण झाली. १९१९ साली फ्लोरिडातील टँपा येथे अशा प्रवाशांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' या नावाची संघटना काढली. १९३० च्या दशकात डेट्रॉइटच्या परिसरात गाडीमागे ओढावयाची खोली कारखान्यात तयार होऊ लागली. त्यांतील एका नामांकित कंपनीने आपल्या मालाला 'कव्हर्ड वॅगन' असे नाव दिले. पश्चिमेकडे वसाहतीस निघालेल्या पूर्वजांच्या छतवाल्या बैलगाड्यांची ती आठवण होती, आणि सुटीवर जाणाऱ्या दुकानदाराला पूर्वजांच्या पंक्तीत बसवण्याची जाहिरातदाराची हुशारीही. परंतु तेच दशक महामंदीचे होते. सुटीसाठी घेतलेल्या खोलीत माणसे कायमची राहू लागली, तेव्हा गावांनी तोंडे फिरवली. पुढे दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्रीच्या कारखान्यांभोवती कामगारांची सोय करण्यासाठी खुद्द केंद्र सरकारने हजारो ट्रेलर विकत घेतले. ट्रेलर म्हणजे तात्पुरता, अडचणीतला, गावाबाहेरचा निवारा, ही समजूत त्या काळात पक्की झाली.

रस्त्यावरून ओढावयाचे म्हणून ट्रेलरची रुंदी आठ फुटांपुरती मर्यादित होती. १९५० च्या दशकाच्या मध्यास विस्कॉन्सिन राज्यातील एल्मर फ्रे या कारखानदाराने दहा फूट रुंदीचे घर बाजारात आणले. दोन फुटांचा हा फरक क्षुल्लक वाटेल, पण त्यामुळे घराच्या एका कडेने वाट काढून खोल्या वेगळ्या करता आल्या. एका खोलीतून जाऊनच दुसऱ्या खोलीत शिरावे लागत होते ते थांबले. एकांत शक्य झाला आणि ट्रेलरचे घर झाले. 'मोबाईल होम' हे नावही फ्रे यांच्याशीच जोडले जाते. गंमत अशी की घर फिरेनासे झाले, तेव्हाच त्याला फिरते म्हणू लागले. १९७२ साली अशी पावणेसहा लाखांच्या आसपास घरे कारखान्यांतून बाहेर पडली. त्यानंतर तो आकडा पुन्हा गाठला गेला नाही. १५ जून १९७६ पासून केंद्र सरकारची बांधणीविषयक संहिता लागू झाली, आणि १९८० साली केंद्रीय कायद्यातून 'मोबाईल' हा शब्द काढून 'मॅन्युफॅक्चर्ड' म्हणजे कारखान्यात बनवलेले हा शब्द घालण्यात आला. व्यवसायानेही 'पार्क' टाकून 'कम्युनिटी' हा शब्द स्वीकारला. जेथे सगळी जमीन एका मालकाची आणि राहणाऱ्यांना निर्णयाचा कोणताही अधिकार नाही, अशा जागेला 'समाज' म्हणणे हा शब्दाचा उधार वापरच होता. तो शब्द खरा करून दाखवण्याचे काम पुढे सहकारी संस्थांच्या वाट्यास आले.

कायद्याच्या दृष्टीने मात्र नाव बदलून विशेष काही बदलले नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हे घर स्थावर नव्हे, तर जंगम मालमत्ता म्हणून नोंदले जात असे, मोटारीसारखे. त्यामुळे त्यावर घरकर्ज मिळत नाही; मिळते ते वस्तू खरेदीचे, अधिक व्याजाचे आणि कमी मुदतीचे. न्यू हॅम्पशायर याला अपवाद आहे. जागेवर बसवून जोडण्या केलेले घर तेथे स्थावर मानले जाते. पण घर स्थावर ठरले तरी जमिनीचा प्रश्न उरतोच. नगररचनेच्या नियमांनी अशा वस्त्यांना गावाच्या कडेला, पूररेषेत, रेल्वेमार्गालगत ढकललेले होते. गाव वाढत वाढत तेथवर पोहोचले की ती कडेची जमीनच मोलाची होई.

साहित्यातील वस्ती

१९५४ साली व्हिन्सेंट मिनेली यांनी दिग्दर्शित केलेल्या 'द लाँग, लाँग ट्रेलर' या विनोदी चित्रपटात ट्रेलर हा नवदांपत्याच्या हौसेचा आणि फजितीचा विषय आहे. जॉन स्टाइनबेक यांनी १९६० साली आपल्या कुत्र्यासह देशभर प्रवास केला. त्यावर आधारलेल्या 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' (१९६२) या पुस्तकात ते फिरत्या घरांत राहणाऱ्यांना भेटतात आणि माणसाला मुळे खरोखर हवी असतात काय, या प्रश्नापाशी थबकतात. दोन्हीकडे ट्रेलर हे गतीचे चिन्ह आहे. जमिनीचा मालक दृष्टीआड आहे.

रसेल बँक्स (१९४०-२०२३) यांचा 'ट्रेलरपार्क' हा परस्परांत गुंतलेल्या कथांचा संग्रह १९८१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात हे चिन्ह उलटे झाले. स्थळ न्यू हॅम्पशायरमधलेच, कॅटमाउंट नावाचे कल्पित गाव. तेथील तळ्याकाठच्या वस्तीत राहणारी माणसे कोठेही जात नाहीत. कोठे जाता येत नाही म्हणूनच ती तेथे आहेत. गिनीपिग पाळणारी एकाकी स्त्री, वस्तीची देखभाल पाहणारी बाई, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर झोपडी टाकून मासे धरणारा म्हातारा, अशी ही मंडळी आहेत. गिनीपिगांची संख्या वाढू लागते तेव्हा शेजाऱ्यांची कुजबुज सुरू होते. म्हाताऱ्याला सोडत लागते तेव्हा प्रत्येकाला त्या पैशावर आपला हक्क वाटू लागतो. वस्तीतील माणसे एकमेकांना अगदी जवळून ओळखतात, पण एकत्र बसून काही ठरवत नाहीत. जमीन एका कंपनीची आहे, आणि ती कोणाची असावी हा प्रश्नच कथांच्या जगात उपस्थित होत नाही.

मराठी वाचकाला येथे पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८) आठवल्याशिवाय राहणार नाही. दोन्ही ग्रंथांत वास्तू हाच नायक आहे आणि कथानकाऐवजी बिऱ्हाडांची माळ आहे. भेद स्वराचा. बँक्स यांच्या कथांवर थंडीचे आणि एकटेपणाचे सावट आहे. चाळीत मंडळे, उपोषणे, भाषणे आणि सभा यांची गर्दी आहे. चाळकरी सतत सभा घेतात, म्हणून ते विनोदी ठरतात. ट्रेलरवासी एकही सभा घेत नाहीत, म्हणून ते करुण ठरतात. दोन्हीकडे घराखालची जमीन मात्र परक्याची आहे. चाळीचे नाव मूळ मालकाच्या आडनावावरून पडले आहे, आणि अखेरच्या 'एक चिंतन'मध्ये चाळीचे जे जाणे आहे, ते राहणाऱ्यांच्या निर्णयाने घडत नाही. येथे दोन्ही लेखकांना दोष देण्याचे कारण नाही. साहित्याला सभेचे इतिवृत्त कधी फारसे मानवलेले नाही, एवढेच. पुढील इतिहास मात्र नेमका इतिवृत्तांत घडला.

मेरेडिथ, १९८४

मेरेडिथ हे विनिपसॉकी सरोवराच्या काठचे गाव. उन्हाळ्यात बॉस्टनकडची मंडळी तेथे येतात. १९८० च्या दशकाच्या मध्यास न्यू इंग्लंडमध्ये जमिनीचे भाव झपाट्याने चढत होते, आणि सरोवराकाठच्या गावांत त्या चढीची झळ सर्वांत आधी लागत होती. अशा वेळी १३ कुटुंबांची एक लहानशी ट्रेलर-वस्ती विकावयास निघाली. नवीन मालक वस्ती राखेल याची शाश्वती नव्हती. रहिवाशांपुढे दोन वाटा होत्या : काय होते ते पाहावे, किंवा स्वतःच ग्राहक व्हावे. त्यांनी दुसरी धरली. परंतु १३ कुटुंबांच्या नव्या संस्थेला, जिच्या सभासदांकडे जमीन नाही आणि व्यवहाराचा पूर्वानुभवही नाही, बँकांनी कर्ज का द्यावे?

कर्ज आले ते एका वर्षापूर्वी, १९८३ साली स्थापन झालेल्या 'न्यू हॅम्पशायर कम्युनिटी लोन फंड' या ना-नफा संस्थेकडून. धार्मिक संघ, धर्मादाय संस्था आणि सामान्य व्यक्ती यांच्याकडून माफक व्याजाने पैसे उसने घ्यावयाचे आणि बँका ज्यांना उभे करत नाहीत त्यांना ते कर्जाऊ द्यावयाचे, अशी या निधीची रीत होती. जुलियाना ईड्स यांनी प्रारंभापासून तीन दशकांहून अधिक काळ त्याचे नेतृत्व केले. निधीचे पहिलेवहिले कर्ज मेरेडिथच्या या रहिवाशांना मिळाले. रक्कम चाळीस हजार डॉलरांहून थोडी अधिक. 'मेरेडिथ सेंटर कोऑपरेटिव्ह' ही संस्था अशा रीतीने जमिनीची मालक झाली. तेरा घरांची ही खरेदी त्या काळी फार मोठी बातमी नव्हती, आणि ती पुढे नमुना ठरेल असे तेव्हा कोणाला वाटले असण्याचाही संभव कमी.

या खरेदीची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिचे वेगळेपण तपशिलात आहे. संस्था जमीन, रस्ते, पाण्याच्या वाहिन्या आणि मैलाटाक्या विकत घेते. घरे ज्याची त्याची राहतात. प्रत्येक घरामागे एक सभासदत्व आणि एक मत. सभासद होण्यासाठी घ्यावयाचा भाग अल्प किमतीचा असतो, बहुधा काहीशे डॉलरांचा, आणि सोडून जाताना तेवढीच रक्कम परत मिळते. कर्ज संस्थेच्या नावावर, जमीन तारण, सभासदाचे घर वा बचत तारण नाही. जमिनीचे भाडे बंद होत नाही. त्यातूनच कर्जाचे हप्ते, कर, विमा, बर्फ हटवण्याचा खर्च आणि दुरुस्तीची शिल्लक भागवावयाची असते. फरक असा की ते भाडे किती असावे हे अंदाजपत्रक मांडून सर्वसाधारण सभा ठरवते. खरेदीपूर्वी अभियंत्याकडून पाणी आणि सांडपाण्याची पाहणी होते, माती तपासली जाते, हिशेब मांडले जातात. आणि पाहणीत दोष निघाल्यास माघार घेण्याची मुभा करारात ठेवलेली असते.

सर्वांत महत्त्वाची अट बाहेर पडण्याविषयी आहे. सभासद आपले घर बाजारभावाने विकू शकतो, जमिनीतील वाटा विकू शकत नाही. उद्या संस्थाच विसर्जित झाली तरी जमिनीच्या वाढलेल्या किमतीची वाटणी सभासदांत होत नाही. ती अन्य ना-नफा संस्थेकडे जावी, अशी तरतूद उपविधींत असते. फ्लोरिडा व कॅलिफोर्नियात रहिवाशांनी वस्त्या घेतल्या, तेव्हा पुष्कळ ठिकाणी वेगळा मार्ग पत्करला गेला. तेथे भागाची किंमत जमिनीच्या बाजारभावानुसार ठेवली अथवा भूखंड पाडून विकले. त्यामुळे आधीचे रहिवासी सधन झाले आणि नंतर येणाऱ्या गरिबाला दार बंद झाले. न्यू हॅम्पशायरच्या मार्गाने कोणी श्रीमंत होत नाही. जमीन सट्ट्यातून कायमची बाहेर काढणे हा त्या मार्गाचा हेतू आहे, आणि त्याची किंमत प्रत्येक सभासदाने आपल्या संभाव्य नफ्याच्या रूपाने मोजलेली आहे. नीतिदृष्ट्या हे अधिक कठीण आहे, आणि म्हणूनच अधिक विचारणीयही.

वस्ती विकली जात आहे हे रहिवाशांना वेळेवर कळले नाही, तर ही सगळी यंत्रणा व्यर्थ ठरते. न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही त्रुटी दूर केली. कायद्यानुसार वस्तीच्या मालकाने विक्रीचा अंतिम प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशाला ६० दिवसांची सूचना दिली पाहिजे, आलेल्या प्रस्तावाची किंमत व अटी कळवल्या पाहिजेत, आणि रहिवाशांनी प्रस्ताव दिल्यास त्याचा सद्हेतूने विचार केला पाहिजे. सूचना न देणाऱ्याला विक्रीच्या किमतीच्या दहा टक्के अथवा दहा हजार डॉलर, यांपैकी जे अधिक असेल ते, रहिवाशांना द्यावे लागते. मालकाने त्यांनाच विकले पाहिजे अशी सक्ती यात नाही. शेजारच्या मॅसॅच्युसेट्सने एक पाऊल पुढे टाकून, ५१ टक्के रहिवासी एकत्र आल्यास त्यांना बाहेरच्या ग्राहकाइतकीच किंमत देऊन खरेदीचा अग्रहक्क दिला. न्यू हॅम्पशायरचा कायदा त्या मानाने सौम्य. तरीही ६० दिवसांची ही खिडकी पुरेशी ठरली, कारण सूचना येताच सभा बोलावून संस्था नोंदवण्यास मदत करणारी माणसे आणि कर्जासाठी तयार असलेला निधी राज्यात आधीच हजर होता. कायदा, पैसा आणि कार्यकर्ता ही तिन्ही एकत्र नसती, तर नुसती सूचना म्हणजे घर सोडण्याची आगाऊ बातमीच ठरली असती. १९९१ साली जमिनीचा फुगा फुटून राज्यातील अनेक मोठ्या बँका बुडाल्या; निधी टिकला, आणि वस्त्यांची खरेदीही चालू राहिली. पुढील काळात राज्यातील सव्वाशेहून अधिक वस्त्या रहिवाशांच्या मालकीच्या झाल्या.

मँचेस्टर, बॉस्टन आणि बंगाल

सहकाराचे हे पीक न्यू हॅम्पशायरच्या खडकाळ भूमीत आकस्मिकपणे उगवलेले नव्हते. याच राज्यातील मँचेस्टर या गिरणगावात १९०८ साली कॅनडातून आलेल्या फ्रेंचभाषक कामगारांनी, क्वेबेकचे सहकारप्रवर्तक आल्फोन्स देजार्दँ यांच्या साहाय्याने, आपल्या चर्चच्या आश्रयाने एक पतसंस्था काढली. अमेरिकेतील पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिची नोंद आहे.

दुसरा धागा भारतातून जातो. बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन १९०७ साली जगप्रवासात भारतात आले असता, बंगालमधील सहकारी संस्थांचे काम पाहणारे सनदी अधिकारी डब्ल्यू. आर. गुर्ले यांच्यासमवेत त्यांनी खेड्यांतील पतपेढ्या पाहिल्या. १९०४ च्या कायद्याने जर्मनीतील रायफायझन पद्धतीच्या धर्तीवर त्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. शेतकऱ्यांची आपसांतील पत हेच तारण, ही कल्पना फायलीन यांच्या मनात घर करून राहिली. १९०९ साली मॅसॅच्युसेट्सने पतसंस्थांचा कायदा केला त्यामागे त्यांचाही प्रयत्न होता, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी या चळवळीवर पैसा खर्च केला. जर्मनीतील कल्पना वसाहतीच्या कायद्यामार्गे बंगालमध्ये यावी आणि तेथून एका व्यापाऱ्याच्या डोळ्यांत भरून बॉस्टनला जावी, हा प्रवास तुलनात्मक साहित्यातील कोणत्याही ग्रंथप्रवासाइतकाच वळणावळणाचा आहे. मेरेडिथच्या १३ कुटुंबांना याची माहिती असण्याचे कारण नव्हते. परंतु तारण नसलेल्या माणसांची एकत्रित पत मानावयाची, या तत्त्वाचे कुळ तेच.

मुंबईतील दोन समांतर रेषा

मुंबईत सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात १९१५ साली गावदेवी येथील सारस्वत सोसायटीने झाली, एस. एस. तालमकी हे त्यामागील प्रमुख कार्यकर्ते. ती संस्था नवीन घरे बांधण्यासाठी होती. राहत्या घराखालची जमीन मिळवण्याचा प्रश्न महाराष्ट्रात पुढे दोन रूपांत उभा राहिला.

पहिले रूप सदनिकाधारकांचे. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्याने विकासकावर असे बंधन घातले की सहकारी संस्था स्थापन झाल्यावर जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावी. प्रत्यक्षात असंख्य संस्थांना हे अभिहस्तांतरण वर्षानुवर्षे मिळाले नाही. सदनिका स्वतःची, सातबारा वा मालमत्तापत्रक विकासकाच्या नावाचे, ही स्थिती ट्रेलरवासीयाच्या स्थितीची बहीणच म्हणावी लागेल. २००८ च्या दुरुस्तीने 'मानीव अभिहस्तांतरण' आणले, म्हणजे विकासक सही करीत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याने ती झाली असे मानून आदेश द्यावा. 'मानीव' हा शब्द शासकीय मराठीचा. व्यवहारात त्याचा उच्चार करणाऱ्या किती सोसायटी-चिटणीसांना त्याचा अर्थ उमगतो हा प्रश्नच आहे.

दुसरे रूप जुन्या चाळींचे, आणि ते न्यू हॅम्पशायरच्या अधिक जवळचे. म्हाडा कायद्यात १९८६ साली आठ-अ हे प्रकरण घालण्यात आले. उपकरप्राप्त जुन्या इमारतीतील किमान ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था काढून मागणी केल्यास मंडळाने ती मालमत्ता संपादित करावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला मिळावा, अशी ती योजना होती. मालकांनी तिला आव्हान दिले. खटला १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात होता. 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' या संविधानाच्या अनुच्छेद ३९ (ब) मधील शब्दांत खाजगी मालमत्ता येते काय, एवढाच प्रश्न अखेर नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेला, आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय झाला की प्रत्येक खाजगी मालमत्ता त्या शब्दांत येत नाही.

दोन मार्गांतला भेद येथे स्पष्ट होतो. मुंबईच्या योजनेत राज्य जमीन घेते आणि रहिवाशांना देते. मोबदला गोठवलेल्या भाड्याच्या पटीत, म्हणजे बाजाराच्या मानाने नाममात्र. तेथे वाद मालमत्तेच्या हक्काचा झाला आणि तो तीन दशकांहून अधिक काळ न्यायालयात राहिला. न्यू हॅम्पशायरमध्ये मालकाला पूर्ण बाजारभाव मिळतो, राज्य फक्त खबर देण्याची सक्ती करते. वाद कमी, पण भार सगळा रहिवाशांच्या शिरावर. स्वस्तात न्याय देऊ पाहणारा मार्ग अडला आणि महाग मार्ग पुढे गेला, हे सहकाराच्या समर्थकांना सुखावणारे निरीक्षण नाही.

नमुन्याचा विस्तार आणि त्याचे ओझे

२००६ साली न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या कार्सी संस्थेतील अभ्यासकांनी राज्यातील सहकारी आणि खाजगी वस्त्यांची तुलना केली. सहकारी वस्त्यांत जमिनीचे भाडे कमी, घरे लवकर विकली जातात आणि प्रति चौरस फूट किंमतही अधिक मिळते, असे त्यांना आढळले. २००८ साली लोन फंडाने इतर राष्ट्रीय संस्थांच्या साहाय्याने 'आर.ओ.सी. यूएसए' ही संघटना उभी केली. पॉल ब्रॅडली तिचे संस्थापक नेते. मेरेडिथचा नमुना त्या संघटनेने देशभर नेला, आणि आज तिच्या जाळ्यात ३०० हून अधिक वस्त्या आहेत. सुमारे दोन कोटी अमेरिकन लोक कारखानी घरांत राहतात, हे ध्यानात घेता हा आकडा मोठा नाही.

विरुद्ध दिशेची चाल अधिक वेगवान आहे. २०१० च्या दशकात मोठे गुंतवणूक-निधी वस्त्या खरेदी करू लागले. त्यांचे गणित उघड आहे : घर हलवता येत नाही, म्हणून भाडेकरू जाऊ शकत नाही, म्हणून भाडे वाढवता येते. एस्थर सलिव्हन यांनी फ्लोरिडा आणि टेक्सासमधील मोडल्या जाणाऱ्या वस्त्यांत राहून लिहिलेल्या 'मॅन्युफॅक्चर्ड इन्सिक्युरिटी' (२०१८) या ग्रंथात या हतबलतेचे बारकाईने चित्रण आहे. निधी रोख रकमेने आणि अनेक वस्त्या एका सौद्यात घेतात, तेव्हा ६० दिवसांत सभा, पाहणी आणि कर्ज जमवणाऱ्या रहिवाशांची दमछाक होते. कोलोरॅडोने २०२० साली खरेदीच्या संधीचा कायदा केला आणि त्यातील ९० दिवसांची मुदत २०२२ साली १२० दिवसांवर नेली, ते या अनुभवातूनच.

खरेदी झाल्यानंतरची कथा कमी सांगितली जाते. बाजारभावाने घेतलेल्या जमिनीचे हप्ते बाजारभावाचेच असतात. त्यामुळे पहिल्या वर्षी भाडे उतरण्याऐवजी चढू शकते, आणि ते चढवण्याच्या बाजूने हात वर करणारे स्वतः भाडे भरणारेच असतात. जुन्या मालकाने दशकानुदशके न बदललेली मैलाटाकी आता संस्थेची. भाडे थकवणारा शेजारी आता संस्थेचा थकबाकीदार, आणि त्याला नोटीस पाठवणारा चिटणीस त्याच्या समोरच्या घरात राहतो. बँक्स यांच्या कथेतील गिनीपिगांचा प्रश्न अशा वस्तीत नाहीसा होत नाही. तो कार्यकारी मंडळाच्या बैठकीत विषय क्रमांक घेऊन येतो, नियमावलीतील पाळीव प्राण्यांच्या कलमाखाली चर्चिला जातो, आणि ठराव संमत होतो अथवा फेटाळला जातो. कुजबुजीचे इतिवृत्त होणे, हे या स्थित्यंतराचे बहुधा सर्वांत नेमके वर्णन ठरेल. त्यात कुजबूज संपते असे नाही, पण ती ज्याच्याविषयी आहे त्यालाही बोलण्यास पाच मिनिटे मिळतात आणि एक मत असते.

कादंबरीने आणि कथेने अद्याप या सभागृहात पाऊल टाकलेले नाही, असेच म्हणावे लागते. ट्रेलर-वस्तीविषयीचे उत्तम लेखन अजूनही बेघर होण्याचे आणि भटकण्याचे आहे. जेसिका ब्रूडर यांचे 'नोमॅडलँड' (२०१७) आणि त्यावरील २०२० चा चित्रपट ही त्याची अलीकडची रूपे. मराठीतही जयवंत दळवी यांच्या 'चक्र' (१९६३) पासून मधु मंगेश कर्णिक यांच्या 'माहीमची खाडी' (१९६९) पर्यंत वस्तीची कथा उठवले जाण्याच्या भीतीभोवतीच फिरते. भीतीला कथानक असते. हप्त्याला नसते, कारण तो दर महिन्याला तोच असतो.

भाषांतराचा प्रश्न शेवटी पुन्हा उभा राहतो. या वस्त्यांतील माणसांना मराठीत काय म्हणावे? 'भाडेकरू' म्हणावे तर घर त्यांचे आहे. 'घरमालक' म्हणावे तर जमीन त्यांची नाही, आणि खरेदीनंतरही एकट्याची नाही. 'बिऱ्हाडकरू' या जुन्या शब्दात दुसऱ्याच्या वास्तूत राहण्याची छटा आहे. सहकारी सोसायटीच्या व्यवहारातला 'सभासद' हा शब्द तेवढा लागू पडतो. शब्दात सभा आहे, मालकी कोठेच नाही. मेरेडिथच्या १३ कुटुंबांना १९८४ साली जे मिळाले, ते याच शब्दाच्या जवळपासचे होते.